हवा धरलीया!

अंगाला साबण, डोळ्यांत साबण, आणि सोलरचा नळ दोनदा खोकून गप्प. काल सकाळी 7 वाजता, थंडी नुकती पडायला लागलेली. पुढचं गार पाण्यानं उरकलं, एवढंच सांगतो.

काळम्मावाडी धरणातून 50 किलोमीटरांवर पाईप टाकून 2023 च्या दिवाळीत कोल्हापुरात थेट पाणी आलं. माझ्या गच्चीवरून बाथरूमपर्यंतचे 15 फूट मात्र त्याला उतरवेनात. प्लंबर फोनवर 'आलोच' म्हणाला. सोलरवाल्या कंपनीतल्या बाईंनी, हवा धरली असेल तर ते वॉरंटीत बसत नाही, असं गोड आवाजात सांगितलं. विकताना 5 वर्षांचा कागद दिला होता. त्यात हवेचं काही लिहिलेलं नाही, हे खरंच.

शेवटी गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीत आबा शेंगा वाळत घालत होते. पँटीचा पाय ओला बघूनच त्यांनी निदान केलं, "हवा धरलीया!"

मग बंब निघाला. "आमच्या बंबाला कवा हवा धरलीवती का? चार शेणी घाल, पाणी कडकडीत! तुमी काचंच्या नळ्या लावून बसलाय." मी म्हटलं, आबा, उपाय सांगा. "खालच्या नळाला तोंड लाव आन् वढ."

लावलं. काय करणार? गच्चीतला नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी दोन हात टेकून ओढतोय आणि आबा कठड्यावरून, "तांबडा रस्सा वरपतोस तसा वढ की! छातीत दमच न्हाई. आता फुंक! हं, जोर कर, एऽक..." दूधवाला कॅन घेऊन थांबला. समोरच्या वहिनी कपडे वाळत घालायच्या विसरल्या. अर्धा तास मी त्या नळाचं चुंबन घेत होतो.

पाणी तापलं की त्यातली हवा सुटते आणि पाईपच्या उंचवट्यावर ठाण मांडते. माझ्या सोलरला पंप नाही, सगळा कारभार उतारावर. मागचं पाणी तिला ढकलू शकत नाही. म्हणून टाकीच्या डोक्यावर एक उभी नळी उघडी सोडतात, हवेच्या ये-जा करायला. हे मला साडेअकराला प्लंबर आल्यावर कळलं. त्यानं नळीत बोट घातलं आणि लाल चिंधी उपसून काढली. खाली नळ खोकला, थुंकला, आणि वाफाळतं पाणी आलं. चिंधीचे 300 रुपये. पावती मागितली तर हसला.

"ती व्हय?" आबा शांतपणे म्हणाले, "म्याच कोंबलीती. शेंगांवर थेंब पडत हुतं न्हवं."

"मग अर्धा तास मला फुंकायला लावलंत?"

"मला काय ठावं, त्यातनं हवा जातीया म्हनून? आन् चिंधी काय म्हणतोस? माझ्या लंगोटाची पट्टी हाय ती. खासबागंत ह्योच कसून उतरलोवतो."

1912 साली शाहू महाराजांनी बांधलेल्या मैदानातला तो लंगोट आणि माझी आंघोळीची टाकी! मी चिमटीत धरून पट्टी कठड्यापलीकडे केली. आबांनी हात मागे घेतला.

"आशी नगं. धुवून दे. गरम पान्यानं."