हंगेटची घरं पाडली, पण माणसांचं काय?

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या हंगेट भागातली जुनी घरं पाडल्यामुळे 'रहिवाशांचं आयुष्य आपोआप सुधारलं', हे त्या वस्तीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ती घरं राहण्याजोगी नव्हती, हे मान्यच. गरिबीचा अभ्यास करणारे सीबोम राउंट्री यांनी 1899 मध्ये शहराची पाहणी केली, तेव्हा अनेक कुटुंबांना मिळून एक नळ आणि एक संडास वापरावा लागत होता. 1930 च्या दशकात ही वस्ती हटवली गेली. पण नव्या घराचं वाढलेलं भाडं कोण भरणार होतं?

याचं उत्तर इंग्लंडमधल्याच स्टॉक्टन-ऑन-टीज या गावात मिळतं. तिथे 1927 मध्ये हाउसवाइफ लेन या जुन्या वस्तीतल्या लोकांना माउंट प्लेझंट वसाहतीतल्या नव्या घरांत हलवलं. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. मॅगॉनिगल यांनी नोंदी तपासल्या, तर नव्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण चक्क वाढलेलं निघालं! भाड्यात जास्त पैसे जायला लागले आणि जेवणाला कात्री लागली, हे त्यांनी हिशेबासकट मांडलं. हा मुद्दा लेखात यायलाच हवा होता.

मी यॉर्कमध्येच राहते. हंगेटमध्ये आता उंच फ्लॅट उभे आहेत. बांधकामाआधी 2006 पासून काही वर्षं तिथे उत्खनन झालं, त्यात या पाडलेल्या घरांच्या फरशा आणि सामाईक संडासांचे अवशेषही सापडले. रोमन आणि व्हायकिंग अवशेषांइतकंच प्रेम या शहराने त्यांनाही द्यावं, असं मला मनापासून वाटतं.