निकोडिमस : ज्या गावाला रेल्वेने वळसा घातला

अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यातल्या छोट्या शेतकरी गावांबद्दल कुणी लिहायला घेतलं की सूर ठरलेला असतो, दुकानं बंद पडली, पोरं शहरात गेली, शाळेला कुलूप लागलं, गाव मेलं. कॅन्ससमधल्या निकोडिमसबद्दल कुणी असं म्हटलं की मला मनापासून राग येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचं हे गाव वसलं १८७७ मध्ये. गुलामगिरी कायद्याने संपून बारा वर्षं झाली होती, पण केंटकीसारख्या राज्यात सुटलेल्या लोकांच्या हातात जमीन कुठे होती, पुन्हा त्याच मालकांच्या शेतावर राबायचं, वरून जीवाची भीती. अशा वेळी डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे कृष्णवर्णीय पाद्री यांनी मिळून टाऊन कंपनी, म्हणजे नवं गाव वसवणारी कंपनी काढली आणि केंटकीतल्या लेक्सिंग्टनकडे पत्रकं वाटली, की पाच डॉलर भरा आणि कॅन्ससला चला. सरकारी होमस्टेड कायदा होताच, १६० एकरावर पाच वर्षं राहून शेती करून दाखवली की जमीन तुमची. ज्यांच्या आईबापांची स्वतःचीच खरेदी-विक्री झाली होती त्यांना १६० एकर हा आकडा ऐकून काय वाटलं असेल याचा नुसता विचार करून बघा.

सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं आली. रेल्वे एलिस गावापर्यंतच, तिथून दोन दिवस चालत. आणि पोचल्यावर काय, तर काहीच नाही! झाड नाही, घर नाही, क्षितिजापर्यंत नुसतं गवत. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी नंतर सांगितलंय, की निकोडिमस कुठाय असं त्यांनी नवऱ्याला विचारलं तर त्यांनी जमिनीतून निघणारे धूर दाखवले, हेच निकोडिमस. लोक जमिनीत खड्डे खोदून त्यात राहत होते. त्या बाईंना तिथेच रडू फुटलं. फसवणूक झाली असं वाटून बरीच कुटुंबं लगेच परतही फिरली आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मते पत्रकं वाटणाऱ्यांनी या लोकांच्या आशेवर धंदा केला, गावाच्या इतिहासात हेही स्पष्ट लिहायला हवं.

जे राहिले त्यांचा पहिला हिवाळा फार वाईट गेला. हंगाम उलटून गेलेला त्यामुळे पीक नाही, जळणाला लाकूड नाही म्हणून सूर्यफुलाची वाळलेली धाटं जाळायची. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी धान्य आणि मांस दिलं म्हणून कित्येक जण तगले. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतात आणि मला ते पटत नाही, कारण याच ओसेजांना काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकावून लावलं होतं. ज्यांची जमीन गेली त्यांनी जमीन शोधत आलेल्यांना जेवू घातलं.

मग शेती. तिकडचं बफेलो गवत म्हणजे मुळांची घट्ट विणलेली चटईच असते, ती फोडायला लोखंडी नांगर आणि दमदार जनावरं लागतात, आणि यांच्याकडे घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांनी कुदळ-फावड्याने जमीन फोडली. पाऊस बेभरवशाचा, वाऱ्याला अडवायला काही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

आणि तरीही दहा वर्षांत तिथे चर्च, शाळा, हॉटेल, दुकानं, दोन-दोन वर्तमानपत्रं! गावात स्थायिक झालेले एडवर्ड मकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य ऑडिटर (सरकारी हिशेब तपासनीस) म्हणून निवडून आले. या सगळ्यामुळे गावाची हिंमत वाढली आणि १८८७ मध्ये रेल्वे यावी म्हणून लोकांनी १६,००० डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखे मंजूर केले, त्या काळात, त्या गावाने! मिसुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीशी बोलणी फिसकटली आणि दुसऱ्या वर्षी युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या पलीकडून. तिथे बोग नावाचं नवीन गाव उभं राहिलं, आणि व्यापारी तिकडे निघून गेले. काही जणांनी तर दुकानाच्या इमारतीही उचलून नेल्या.

म्हणजे गाव आळसाने किंवा अडाणीपणाने मागे नाही पडलं, रेल्वे कंपनीच्या निर्णयाने पडलं. शेतकरी मात्र राहिले. नंतर धुळीच्या वादळांचं दशक आलं, महामंदी आली, १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं, पुढे शाळाही. आज कायम राहणारी माणसं अगदी मोजकी आहेत. पण १८७८ पासून गाव मुक्तीचा सोहळा साजरा करतंय, आता तो जुलैच्या शेवटच्या वीकेंडला होतो आणि गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात तशी पहिल्या कुटुंबांची वंशजमंडळी अमेरिकेभरातून तिथे येतात. १९५४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायची प्रक्रिया) चौथ्या क्रमांकावर निवडले गेलेले व्हेरिल स्वित्झर याच गावात जन्मले. ज्या गावाची माणसं दीडशे वर्षांनीही गाव विचारल्यावर निकोडिमसच सांगतात ते गाव जनगणनेच्या एका आकड्यावरून मेलेलं कसं ठरवता?

आपल्याकडे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. शाळेत हे एक मार्काचं उत्तर म्हणून पाठ केलेलं असतं. पण मुक्त झालेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं, त्यांना जमीन मिळाली का, कर्ज-बाजार-रेल्वे मिळाली का, हे फारसं कुणी विचारत नाही. जोतीराव शेतकऱ्याच्या बाजूने आयुष्यभर लढले, त्यांचं नाव घेणाऱ्यांनी तरी हे विचारायलाच हवं असं मला वाटतं.

१९९६ पासून निकोडिमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, जुनं चर्च, शाळा, हॉटेल, टाऊनशिप हॉल अशा पाच इमारती त्यात येतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, डेन्व्हर ते कॅन्सस सिटी ड्राइव्ह करताना हेजला हायवे सोडून उत्तरेला स्टॉकटन आणि तिथून रस्ता २४ ने पश्चिमेला वळा. जमलं तर जुलैअखेरच जा, म्हणजे इमारतींबरोबर माणसंही भेटतील.