टू हंड्रेड! सी, रेड!

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. आता आमच्या चौथीतल्या काही पोरांचे आईबापही पहिलीपासून इंग्रजी शिकलेले. तरी वर्गात पाहुणा आला की एका सुरात 'गुड मॉर्निंग सर' आणि पुढे चिडीचूप. माझ्या मते दोष पोरांचा नाही. ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक, तेच आपण विचारायला लावतो. अहो, जूनपासून एका बाकावर बसणाऱ्याला 'व्हॉट इज युवर नेम' कोण कशाला विचारेल?

हर्णैच्या मासळी लिलावाशेजारी वाढलेली ही पोरं. भाव करायला त्यांना मी काय शिकवणार! म्हणून वर्गात बाजार मांडला. पहिल्यांदा साफ फसला. संवाद मीच फळ्यावर लिहून दिले, पोरांनी घोकले. 'हाऊ मच?'ला एकाने 'आय ॲम फाइन' ठोकून दिलं. समोरच्याचं ऐकायची गरजच नव्हती ना.

दुसऱ्यांदा फळा पुसला. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर कमीत कमी भाव, घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर खिशातले पैसे आणि घरून सांगितलेली मासळी. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. आता विचारल्याशिवाय सुटका नाही! (बांगड्याला मॅकरेल म्हणण्याचा आग्रह मी सोडला. बांगडा तो बांगडाच.)

एक मुलगी दिवाळीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नव्हती. आई मासे विकते. समोरचा 'हंड्रेड, हंड्रेड' करत होता. हिने कागदी सुरमई उचलली, कल्ला वर केला. आत लाल खडूने रंगवलेलं! 'नो हंड्रेड! सी, रेड! फ्रेश! टू हंड्रेड गिव्ह!'

'गिव्ह' शेवटी आलं म्हणून मी टोकायला हवं होतं का? नाही टोकलं. सुरमई दीडशेला गेली.

ही काही माझी अक्कल नव्हे. 1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी दक्षिणेतल्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रकं, नकाशे, कोडी सोडवायला दिली. मन बोलण्याच्या अर्थामध्ये गुंतलं की भाषा अंगी लागते, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडे मात्र गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून निरोप येतो, 'बाई, जरा शांत ठेवा.' ठेवते. दहा मिनिटं.

पुढच्या आठवड्यात वर्गातून एसटी सुटणार आहे. तिकिटं कापून ठेवलीत. कंडक्टर कोण होणार यावरून भांडणं सुरू झालीत, अर्थात मराठीत.