‘काका, शिकून घ्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोबाइलवरच्या व्यवहारांबरोबरच पासबुक आणि बँकेतील काउंटरही चालू राहावे, असे म्हणणाऱ्या माझ्या मागील लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी दोन वेळा लक्षपूर्वक वाचली. आपला आक्षेप असा आहे की, निवृत्त माणसांना बदल नकोसा वाटतो आणि म्हणून ती आपल्या सवयींनाच तत्त्व म्हणू लागतात. ज्यांना मोबाइलवरचे व्यवहार जमत नाहीत त्यांनी ते शिकून घ्यावेत, त्यांच्यासाठी बँकेने आणि बाजाराने थांबू नये, असे आपण म्हणता. आपले कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान आहे आणि दिवसातील बहुतेक विक्री क्यूआर कोडवर होते, हेही आपण नमूद केले आहे. अनुभवातून आलेल्या अशा आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

प्रथम माझी चूक मान्य करतो. कपिलतीर्थ मार्केटमधील भाजीवाल्या बायकांवर क्यूआर कोड लादला गेला आहे, असे मी लिहिले होते. आपल्या प्रतिक्रियेनंतर मी तेथे जाऊन तिघी-चौघींशी बोललो आणि माझे विधान चुकीचे होते, हे माझ्या लक्षात आले. सुट्ट्या पैशांवरून आणि दहाच्या नाण्यावरून होणारी रोजची हुज्जत संपल्याचे त्यांना समाधान आहे. दहा रुपयांची चौदाही प्रकारची नाणी चालतात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केल्यानंतरही ती हुज्जत बरीच वर्षे चालू होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे रविवारी आणि रात्रीही पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ जातात, आणि १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून त्यासाठी शुल्क घेतले जात नाही. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्यांच्यापैकी एका मावशींनी जे सांगितले, ते आपणही ऐकावे असे मला वाटते. त्या म्हणाल्या, “पैसं येत्यात, खरं समदं पोराच्या खात्यावर. किती साठलं, ते त्यो सांगंल तवा कळतंय.” पहाटे उठून माल आणणारी बाई दिवसाच्या अखेरीस स्वतःची कमाई स्वतः मोजू शकत नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

माझा मुद्दा यूपीआयच्या विरोधात नव्हता आणि आजही नाही. वीजबिल, गॅस, मुलीला पाठवायचे पैसे हे सर्व मी फोनवरूनच करतो. मी चौतीस वर्षे लेखा शाखेत काम केले. रोजकीर्द लिहिणे, प्रत्येक रकमेमागे व्हाउचर लावणे आणि महिनाअखेरीस बँकेशी ताळमेळ घालणे हेच माझे काम होते. त्या कामाने मला एवढे शिकवले की, ज्याचा पैसा आहे त्याला त्याची नोंद स्वतः वाचता आली पाहिजे. बचत खातेदार व्यक्तीला बँकेने पासबुक दिलेच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. असे असताना आमच्या शाखेतील पासबुक छापण्याचे यंत्र कित्येक महिने बंद होते आणि विचारल्यावर ‘ॲपमध्ये पाहा’ एवढेच उत्तर मिळत होते.

या आग्रहामागे घरचा अनुभव आहे. माझ्या पत्नीच्या खात्यातून एका विम्याचा हप्ता तिची संमती न घेता सलग दोन वर्षे कापला गेला. त्याचे संदेश तिच्या फोनवर आले होते, परंतु ते इंग्रजीत होते आणि जाहिरातींच्या ढिगात हरवले होते. पासबुक छापून आणल्यावर मी कार्यालयातील सवयीप्रमाणे लाल पेन्सिलीने एकेक ओळ तपासली, तेव्हा ती कपात सापडली. ॲपवर नोंदवलेल्या तक्रारीला केवळ एक क्रमांक मिळाला. मराठीत लेखी अर्ज देऊन, त्याची शिक्क्यासह पोच घेऊन आणि चार फेऱ्या मारून ती रक्कम परत मिळाली. त्या पोचेचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता आपल्या ‘शिकून घ्या’ या शब्दांविषयी. दर शनिवारी संध्याकाळी रंकाळ्यावरील आमच्या कट्ट्यावर आम्ही बारा-तेरा जण एकमेकांना हेच शिकवतो. पैसे घेताना पिन लागत नाही, तो फक्त देताना लागतो, हे आमचे पहिले वाक्य असते. दुसरे वाक्य असे की, फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, म्हणून पोलिसाच्या वेशातील माणूस पडद्यावर दिसला तरी फोन बंद करावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हे तिसरे. ही माणसे मंदबुद्धी नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी आयुष्यभर गणित शिकवले आहे आणि काहींनी साखर कारखान्याची यंत्रे चालवली आहेत. अडचण असते ती थरथरणाऱ्या बोटांची, बारीक अक्षरांची आणि प्रत्येक अपडेटनंतर जागा बदलणाऱ्या बटणांची.

याहून मोठी अडचण लाजेची आहे. आमच्यातील एक गृहस्थ फसवले गेले आणि त्यांनी ते अकरा दिवस कोणालाही सांगितले नाही, कारण ‘तुम्हाला सांगितले होते ना’ हे मुलाचे वाक्य त्यांना ऐकायचे नव्हते. या अकरा दिवसांची किंमत काय असते, ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकावरून समजते. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही, आणि उशीर होत जातो तसा भार वाढतो. पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वी झालेले सर्व नुकसान त्याचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे फसवणूक झाल्यानंतर सर्वांत मोलाची गोष्ट असते ती ताबडतोब बोलण्याचे धैर्य, आणि वडीलधाऱ्या माणसाला येता-जाता ‘शिकून घ्या’ म्हणून आपण नेमके तेच धैर्य काढून घेतो. आपल्या प्रतिक्रियेतील मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच होती. येथे मी पासबुकाची बाजूही ताणणार नाही. महिन्यातून एकदा छापलेल्या पासबुकावर तीन दिवसांची मुदत पाळता येत नाही. त्यासाठी संदेश हवेतच, पण ते मराठीत हवेत.

रोख रकमेविषयी आपण काळ्या पैशाचा मुद्दा मांडला आहे. तो खोटा नाही. परंतु ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरला नसाल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती आणि एटीएममध्ये पैसे नव्हते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीला दूध आणि किराणा मिळाला, तो घरात ठेवलेल्या नोटांवर आणि दुकानदाराने वहीत लिहून ठेवलेल्या उधारीवर. २०२१ मध्ये पाणी पुन्हा तितकेच चढले.

ज्येष्ठांसाठी बँकेने थांबू नये, या आपल्या वाक्याला रिझर्व्ह बँकेच्या ९ नोव्हेंबर २०१७ च्या सूचनाच उत्तर देतात. ज्येष्ठांसाठी स्वतंत्र किंवा प्राधान्याचे काउंटर असावे आणि सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा देण्याची व्यवस्था करावी, असे त्यांत म्हटले आहे. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचे उदाहरणही पाहा. तो दाखला ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा नोव्हेंबर २०१४ मध्ये आली, तेव्हा बोटांच्या ठशांवर मोठी भिस्त होती, आणि घासून गेलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नसे. २०२१ मध्ये चेहऱ्याची ओळख पटवण्याची सोय झाली आणि मी आता तीच वापरतो. शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी मात्र बँकेत जाऊन कागदावर सही करतात. दोन्ही वाटा उघड्या आहेत आणि एकीमुळे दुसरीचे काहीही बिघडलेले नाही. एवढेच मी मागत होतो.

आपण दुकानावरचा क्यूआर कोड अवश्य ठेवावा, पण पेन्शनची नोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवू नये, अशी विनंती आहे. आणि जमल्यास येत्या शनिवारी सहा वाजता कट्ट्यावर यावे. ॲपमधील खातेउतारा मराठीत कसा पाहायचा, हे आमच्यापैकी कोणालाच नीट दाखवता येत नाही. कपिलतीर्थमधील त्या मावशीही येणार आहेत. त्यांना स्वतःच्या नावावर खाते आणि स्वतःचा कोड हवा आहे, आणि त्याची रीत आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक आहे.