ग्रीनवुडची हिरवी कार्डं

रात्री दुकानं बंद झाल्यावर नेहमीच्या पायरीवर बसलो होतो. विषय निघाला अमेरिकेतल्या टल्साचा. १९२१ साली तिथल्या गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची वस्ती जाळली होती. सुहास म्हणाला, "जमाव पिसाळला की सरकार तरी काय करणार?"

मला राहवलं नाही. "अरे, पोलिसांनीच गोऱ्या जमावातल्या शेकडो लोकांना तिथल्या तिथे 'स्पेशल डेप्युटी', म्हणजे तात्पुरते पोलीस, करून टाकलं. निमित्त काय, तर लिफ्टमध्ये गोऱ्या मुलीवर हात टाकल्याचा एका काळ्या पोरावर आरोप, तोही पुढे टिकला नाही. १ जूनच्या दुपारपर्यंत ग्रीनवुडचे पस्तीसेक ब्लॉक राख. हजारावर घरं गेली."

"पण नॅशनल गार्ड, राज्याचे सैनिक, आले ना?"

"आले. आणि पकडलं कुणाला? ज्यांची घरं जळत होती त्यांनाच! हजारोंना कन्व्हेन्शन हॉलमध्ये, बेसबॉलच्या मैदानात नेऊन डांबलं. सुटायचं तर गोऱ्या मालकाने येऊन हमी द्यायची. मग मिळायचं हिरवं कार्ड. एका बाजूला नाव, पत्ता, मालक कोण ते. दुसऱ्या बाजूला छापलेलं, 'पोलीस संरक्षण'. हे कार्ड जवळ नसेल तर रस्त्यात पुन्हा अटक."

अनंता मान हलवत म्हणाला, "सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस. टल्साच्या पोलीस प्रमुखावर कर्तव्यात कसूर केल्याचा खटला चालला, तो दोषी ठरला. आणि १९१९ ची शिकागोची दंगल घे. ३८ माणसं मेली, २३ काळी, १५ गोरी. गव्हर्नर लोडनने सहा काळे, सहा गोरे असा आयोग नेमला. घरं, नोकऱ्या, पोलीस, वर्तमानपत्रं, सगळं तपासून जाडजूड अहवाल काढला."

हे खरं आहे, मला मान्य करावंच लागलं. पण त्याच शिकागोत सरकारी वकील फक्त काळ्या आरोपींचीच प्रकरणं समोर आणतोय म्हणून ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ, अडून बसली होती. गोरे आरोपी कुठे आहेत, असं तिलाच विचारावं लागलं. आर्कान्सातल्या एलेनमध्ये तर तेवढंही नाही. १२ काळ्या शेतमजुरांना काही मिनिटांत फाशीची शिक्षा. त्यातल्या सहा जणांची १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टात अडली.

वैशाली वकिली करते. तिचा मुद्दा मला सगळ्यात टोचला. "जाळपोळ एका रात्रीची. त्यानंतरचे कागद बघा. टल्साच्या ग्रँड ज्युरीने दोष त्या पोराला वाचवायला हत्यारं घेऊन आलेल्या काळ्यांवर ढकलला. विमा कंपन्यांनी 'दंगल' शब्दावर बोट ठेवून दावे फेटाळले. आणि आग लागून आठवडा होतो न होतो तोच नगरपालिकेने नियम केला, जळालेल्या जागेवर बांधायचं तर आगरोधक बांधकामच हवं. ज्याच्याकडे उशी उरली नाही त्याने विटा, काँक्रीट कुठून आणायचं? जागा रेल्वे आणि कारखान्यांना हवी होती."

"मग?"

"बी. सी. फ्रँकलिन नावाच्या काळ्या वकिलाने तंबूत ऑफिस थाटलं. फोटो आहे. कापडाच्या भिंती, टेबलावर टाइपरायटर, पुस्तकं. तिथून लढून त्यांनी तो नियम कोर्टात पाडला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अनंताने डायर विधेयक काढलं. झुंडबळीविरोधी, १९२२ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर, सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी अडवलं. असा केंद्रीय कायदा झाला २०२२ मध्ये. शंभर वर्षं!

सुहास अजून हट्टाला पेटलेलाच. "तरी गार्ड नसते तर आणखी मेले असते."

"असतीलही," वैशाली म्हणाली. "पण जाळणाऱ्या, मारणाऱ्या एकाही गोऱ्याला तुरुंगात जावं लागलं नाही."

"भरपाई तरी?"

"तेव्हा हयात असलेल्या दोन बायकांनी खटला लढवला. दोघींचीही शंभरी उलटलेली. त्यातली एक त्या रात्री सात वर्षांची होती. २०२४ च्या जूनमध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला."