मीठपाणी पाजून पोराला उलटी करवू नका

"प्रत्येक आईने सेव्ह करा" असा मथळा, खाली हात जोडलेले सहा इमोजी आणि "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला" अशी निनावी सही. हा मेसेज गेली काही वर्षं अधूनमधून उगवतो. या वेळी आमच्या घरातलं पोर दिवसभर जिथे असतं त्या पाळणाघराच्या भिंतीवर त्याची प्रिंट लागली, म्हणून हे लिहिणं आलं.

मजकूर थोडक्यात असा: मुलाने काहीही विषारी गिळलं तर ग्लासभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून उलटी करवा. रॉकेल असेल तर उलटं धरून पाठ थोपटा. वर दूध-तूप पाजा, ते विष मारतं. अॅसिड असेल तर खायचा सोडा द्या. कोळशाची पूड सगळं शोषते. बटन सेल गिळला तर केळी खाऊ घाला. डांबरगोळ्या फेका, नैसर्गिक कापूर ठेवा. आणि दोन तास मूल खेळत असेल तर दवाखान्याची गरज नाही.

आधी मीठ, कारण यातली जीव घेणारी ओळ तीच आहे. दुकानातलं विष पोटात किती गेलं ते ठाऊक नसतं, पण मीठ तुम्ही मोजून पाजता, तर हिशोबही मोजूनच करू. मोठा चमचा म्हणजे साधारण १५ ग्रॅम. दहा किलोच्या मुलाच्या अंगात पाणी सहा लिटरच्या आसपास. रक्तातलं सोडियम एरवी १३५ ते १४५ असतं (रिपोर्टवर लिटरमागे मिलिमोल किंवा मिलिइक्विव्हॅलंट असं छापलेलं असतं). चमचाभर मीठ पोटातच राहिलं तर हा आकडा चाळीसेकाने चढतो. १६० च्या वर गेलं की परिस्थिती गंभीर: मेंदूतलं पाणी बाहेर ओढलं जातं, बारीक रक्तवाहिन्या फाटतात, आकडी येते. मेसेज तर दोन चमचे सांगतो. "पण उलटी झाली की मीठ बाहेर पडेलच ना?" उलटी होईलच याची खात्री नाही. न झालेल्या उलटीचं मीठ आतच राहतं, आणि मग घाबरलेला माणूस दुसरा ग्लास कालवतो. मुलाने चाखला होता निरुपद्रवी शाम्पू आणि अतिदक्षता विभागात गेलं ते मिठामुळे, असं यातून होऊ शकतं.

मीठ सोडा, मुळात उलटीच नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना एके काळी स्वतःच सांगायची की उलटी करवणाऱ्या इपेकॅक सिरपची बाटली घरात ठेवा. २००३ साली तिने तो सल्ला मागे घेतला आणि घरात पडलेल्या बाटल्याही टाकून द्या म्हणून सांगितलं. कारण असं की उलटीने पोट पुरतं रिकामं होत नाही, मूल वाचण्याचं प्रमाण वाढतं याला पुरावा मिळाला नाही, आणि उलट्या सुरू असताना इस्पितळात द्यायचं औषध पोटात टिकत नाही. मीठपाणी, मोहरीचं पाणी, घशात बोट घालणं, सगळ्याला हे लागू.

आता रॉकेल. रेशनवरचं रॉकेल बऱ्याच घरांतून गेलं, पण त्याची भावंडं आहेतच: थिनर, टर्पेंटाइन आणि डास पळवणाऱ्या मशीनची रिफिल. त्या बाटलीत कीटकनाशक असतं जेमतेम, बाकी बहुतेक रॉकेलच्याच जातीचं द्रावक. हा पदार्थ पोटात फारसं नुकसान करत नाही, करतो तो फुफ्फुसात. पातळ, पसरायला चपळ. गिळताना ठसका लागला की काही थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि फुफ्फुसाला आतून सूज येते. उलटी करवली की तोच पदार्थ त्याच घशावरून दुसऱ्यांदा जातो. उलटं धरलं तर विचारायलाच नको, उतार तुम्हीच करून दिलात.

करायचं इतकंच: भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, काही पाजू नका, निघा. वाटेत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल, तर फुफ्फुसात गेलंय असं धरून चाला. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टर किमान सहा तास ठेवून घेतात, त्यावर वाद घालू नका. सूज दिसायला वेळ लागतो.

दूध-तुपाने विष मरत नाही. कापूर, डांबरगोळीतलं नॅप्थलीन आणि उंदराच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस ही मंडळी चरबीत विरघळतात. म्हणजे तुपाची वाटी पाजून तुम्ही त्यांना आत शिरायला मदत करता.

संडास धुण्याचं अॅसिड पोटात गेलं आणि वर सोडा दिला, तर भाजलेल्या पोटात फेस, वायू आणि उष्णता. मोरी साफ करायच्या कॉस्टिकवर लिंबू पिळणं त्याच जातीचं. तोंड पुसा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या. मूल नीट गिळत असेल तर एखाद-दोन घोट साधं पाणी, त्यापुढे नाही. डोळ्यात उडालं असेल तर नळाची बारीक धार, १५ ते २० मिनिटं घड्याळ लावून, आणि मगच निघायचं.

कोळशाबाबत मेसेज अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. इस्पितळात विशिष्ट विषांवर कोळसा देतात, साधारण किलोमागे एक ग्रॅम, आणि शक्यतो पहिल्या तासात. पण तो खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला, दुधात न कालवलेला कोळसा. चुलीतला निखारा किंवा करपलेला पाव तो नव्हे. आणि रॉकेल, अॅसिड, लोहाच्या गोळ्या यांवर खरा कोळसाही चालत नाही.

बटन सेलच्या ओळीवरही थांबावं लागेल. नाणं बहुधा शौचातून पडतं, त्यावरून ही कल्पना आली असावी. पण २०३२ छापलेला, २० मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओल्या त्वचेतून वीज वाहते, सेलच्या कडेला दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत भिंत भाजते. सेल फुटावा लागत नाही. खेळण्याला चालत नाही म्हणून काढलेला "मेलेला" सेलही हे करतो. गिळताना कुणी पाहिलं नसेल तर दिसते फक्त लाळ, खोकला, खाण्याला नकार, आणि घरात सगळे म्हणतात सर्दी झाली. एक्स-रेमध्ये कडेला दुहेरी गोल दिसला तर तो नाणं नव्हे, सेल. केळ्याने काही होत नाही, उलट भूल देताना पोट भरलेलं नडतं. घरात करण्यासारखी एकच गोष्ट आहे: मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि नीट गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. तोही इस्पितळाच्या वाटेवर, मधासाठी थांबून नव्हे.

आणि हो, "नैसर्गिक" कापूर! सर्दीला खोबरेल तेलात कापूर घालून छातीला चोळायचा, पुरचुंडी बांधून उशाशी ठेवायची, आरतीचं ताट पोराच्या हाताला लागेल असं टेकवायचं. कापूर पोटात गेला तर पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत आकडी येऊ शकते, बऱ्याचदा आधी काही लक्षण न दिसता. किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की थेट इस्पितळ, असा विषतज्ज्ञांचा मापदंड आहे. दहा किलोच्या पोराला हे होतात ३०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर. त्यात उलटी करवत असतानाच आकडी आली तर उलटी फुफ्फुसात. डांबरगोळ्या टाका हे बरोबरच. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात, एक ते तीन दिवसांनी लघवी चहासारखी होते आणि कावीळ चढते. नवजात बाळाला गोळ्यांच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळणंही पुरेसं ठरू शकतं. पण त्यांच्या जागी कापूर ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

राहिले ते दोन तास. उंदरांसाठी टोमॅटोच्या फोडीला पेस्ट लावून ओट्याखाली सरकवतात, आणि रांगणाऱ्या मुलाची उंची उंदराच्याच पातळीची. त्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, मग दिवस-दोन दिवस मूल हसतं-खेळतं, आणि त्यानंतर यकृत बंद पडायला लागतं. आईला गरोदरपणात मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांचंही तसंच: सुरुवातीला उलट्या-जुलाब, मग काही तास बरं वाटतं, मग कोसळतं. मूल खेळतंय हा पुरावा नव्हे.

भिंतीवर काही चिकटवायचंच असेल तर एम्स, दिल्लीच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर चिकटवा: १८०० ११६ ११७, टोल फ्री, चोवीस तास. मूल बेशुद्ध असेल, आकडी येत असेल किंवा श्वास अडत असेल तर केंद्राला नंतर, आधी १०८. तोवर डाव्या कुशीवर निजवा. फोनवर चार गोष्टी विचारतील: मुलाचं वजन, काय गिळलं, किती, आणि किती वाजता. "किती"चं उत्तर बाटलीत उरलेलं पाहून मिळतं, म्हणून बाटली सोबत न्या. लेबल फाटलेलं असलं तरी न्या. थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं असेल तर तीच न्या, आणि लाजेखातर वाटेत धुऊन नेऊ नका.