धरणाला काय धाड भरलीय!

तुमच्या ताब्यात एखादं जलविद्युत धरण आलं असेल आणि ते वयानं तुमच्यापेक्षा मोठं असेल, तर अभिनंदन. काम सोपं आहे. भिंत उभी आहे, पाणी अडलेलं आहे, दिवे लागताहेत. तुम्ही फक्त मध्ये पडायचं नाही. 'धरण म्हातारं झालंय' अशी कोणी कुरकुर केलीच, तर सांगा की जगातली बहुतेक मोठी धरणं १९३० ते १९७० या काळातलीच आहेत. एवढी सगळी एकदम कशी म्हातारी होतील?

तरीही पाहणी टळत नाही. काँक्रीटच्या भिंतीच्या पोटात एक अरुंद भुयार असतं. बॅटरी घेऊन एकदा उतरा. तिथे ओळीनं निचऱ्याची भोकं दिसतील. पायाखालून झिरपणारं पाणी यांतून बाहेर पडावं, ही बांधणाऱ्यांची भाबडी अपेक्षा. हे पाणी येताना चुना विरघळवून आणतं आणि भोकाच्या तोंडाशी त्याची पांढरी पुटं चढत जातात. छतालाही चुन्याच्या बारीक नळ्या लोंबत असतात, टोकाला एकेक थेंब. फार देखणं दृश्य. त्याला हात लावू नका. भोकं खरवडून साफ करणं हे कपडे खराब करणारं काम आहे आणि वर पाझर वाढलेला दिसतो तो वेगळाच. त्यापेक्षा भोकं बुजू द्या. गेल्या वर्षी मोजपट्टीवर चार बोटं पाणी होतं, यंदा दोनच? नोंदवहीत लिहा: 'पाझर निम्म्यावर. प्रकृतीत सुधारणा.' बाहेर न आलेलं पाणी भिंतीच्या बुडाशी दाटतं आणि तिला खालून उचलू पाहतं, हे खरं. पण पाणी नेमकं कुठं मुरतंय हे विचारायची पद्धत कुठल्याच कार्यालयात नसते.

धरण मातीचं असेल आणि पाझर गढूळ येऊ लागला, तर जाणकार सांगतील की पाणी आतली माती पोखरून आणतंय. तुम्ही म्हणा, वरती पाऊस झाला असेल.

आता सांडव्याचे दरवाजे. वक्राकार दरवाजा दोन्ही बाजूंच्या खिळींवर फिरतो आणि त्या खिळींना ग्रीस लागतं. ग्रीस ही बचतीची उत्तम जागा आहे, कारण ते लावलं काय नि न लावलं काय, दरवाजा बंद असताना फरक दिसत नाही. आणि दरवाजा बहुतेक वेळ बंदच असतो. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणावर वर्षांगणिक ग्रीस लावण्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या. खिळींवर हळूहळू गंज चढला. १७ जुलै १९९५ रोजी तीन नंबरचा दरवाजा नेहमीसारखा थोडासा उचलायला घेतला, तर खिळ फिरायला राजी नाही, मोटर ओढायची थांबत नाही. शेवटी दरवाजाचा आधारच मोडला. दरवाजा बंद करा, असा आदेश द्यायचीही सोय राहिली नाही, कारण बंद करायला दरवाजाच उरला नव्हता. ग्रीस मात्र वाचलं.

यंत्रघरात जाल तेव्हा टरबाइन थरथरत असेल. थरथरणारच, वय झालंय. सायबेरियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रातलं दोन नंबरचं टरबाइनही असंच थरथरायचं. तीस वर्षांचं आयुष्य नेमून दिलेलं यंत्र. तीस भरायला काही महिनेच बाकी होते. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी त्याचं झाकण उडालं आणि यंत्रघरात पाणी घुसलं. ७५ माणसं गेली. मागाहून झाकणाचे ४९ बोल्ट तपासले, त्यांतल्या ४१ बोल्टांना धातू थकून पडलेल्या चिरा होत्या. आणि एवढ्या अवाढव्य वीजकेंद्रात त्या घटकेला वीज नव्हती. पाणी आत घेणारी वरची दारं लोकांनी धावत वर जाऊन हातानं खाली सोडून बंद केली, तेव्हा पाणी थांबलं. इथे मला सल्ला सुचत नाही. बोल्ट मोजायला पाना लागत नाही, एवढंच.

गाळाबाबत धोरण एकच: झाकली मूठ. जलाशयाचा तळ मोजायची नाव पाण्यात उतरली की मूठ उघडते, म्हणून ती उतरवू नका. गाळासाठी तळाशी 'मृत साठा' राखून ठेवलेला आहे, तो शिस्तीत तिथेच जाऊन बसेल, असं कागदावर असतंच. नदीनं मात्र तो कागद वाचलेला नसतो. जलाशयाच्या शेपटीशी, म्हणजे ती आत शिरते तिथे, तिचा वेग पडला की जाड वाळू ती तिथेच टाकते, म्हणजे तुमच्या उपयुक्त साठ्यात. चीनमधल्या पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी अडवलं आणि दोनेक वर्षांतच गाळानं हात टेकायला लावले. बांधकामाच्या वेळची तळातली दारं, जी बुजवून टाकली होती, ती पुढे पुन्हा उघडावी लागली. ती बुजवू नका असं आधीच सांगणारा एक अभियंता होता, हुआंग वानली. असा माणूस प्रत्येक बैठकीत एक तरी असतो. त्याला शेवटच्या रांगेत बसवा आणि चहाच्या आधी बोलू देऊ नका.

पूर आलाच तर? घाबरू नका, साहित्य तयार ठेवा. १९८३ मध्ये कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा जलाशय काठोकाठ भरला. सांडव्याच्या बोगद्यांत पाण्यातले बुडबुडे फुटून काँक्रीटला हादरे देत होते, अस्तर उखडून आतला तांबडा खडक पाण्याबरोबर बाहेर पडत होता, त्यामुळे सांडवे मोकळेपणी चालवता येईनात. तेव्हा दरवाजांच्या माथ्यावर चार फूट उंचीच्या प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या आणि जगातल्या थोर धरणांपैकी एक प्लायवूडच्या भरवशावर राहिलं. त्या वेळी ते जेमतेम वीस वर्षांचं होतं. तुमचं तर आजोबा आहे. तेव्हा कोठारात चार-दोन फळ्या आणून ठेवाच. घेताना तेवढं वॉटरप्रूफ बघून घ्या.